परतीचा हात

"काका, पाय मारता तेव्हा तुम्ही पुढे जाता. पण पाय जवळ घेता ना, तेव्हा तेवढेच मागे येता."

माझ्या निम्म्या वयाचा, पण मी पाण्यात आणि तो काठावर असल्यामुळे मला ‘सर’ असलेला तो मुलगा हे अगदी सहज बोलून गेला. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी ब्रेस्टस्ट्रोक शिकत होतो. तलावाच्या तळाला निळ्या फरश्या होत्या आणि त्यातली एक कोपऱ्यात तडकलेली होती. सगळा जोर लावून पाच-सहा वेळा हातपाय मारले, दम लागला, खाली पाहिलं, तर तीच तडकलेली फरशी. मग सरांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. मी पाय झाडून वीतभर पुढे सरकत होतो आणि गुडघे पोटाशी घेताना अगदी शिस्तीत वीतभर मागे येत होतो. व्हिडिओ उलटा चालवला असता तरी कोणाला फरक कळला नसता.

लाज वाटलीच. पण त्याच्याही आधी एक नाव आठवलं. पर्सेल.

कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स हा विषय मी काठावर पास झालो होतो. पण त्या पेपरचा अभ्यास टाळण्यासाठी जे अवांतर वाचलं, ते मात्र डोक्यात राहिलं. एडवर्ड पर्सेल म्हणजे १९५२चं नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. आज एमआरआय ज्या तत्त्वावर चालतो, ते शोधणाऱ्यांपैकी एक. १९७७ साली त्यांचं एक व्याख्यान छापून आलं. विषय होता सूक्ष्म जीव पाण्यात पोहतात कसे. त्यात त्यांनी एक काल्पनिक शिंपला घेतला होता. दोन झाकणं, एक बिजागरी. त्याला करता येण्यासारखं एकच: उघडणं आणि मिटणं. पर्सेल म्हणाले, हा शिंपला जर बॅक्टेरियाएवढा असेल, तर जन्मभर उघडझाप करूनही तो जागचा हलणार नाही. मिटताना जेवढा पुढे जाईल, उघडताना बरोबर तेवढाच मागे येईल.

तडकलेल्या फरशीवर तरंगत असलेला मी म्हणजे हाच शिंपला होतो.

पाण्यातून जाणाऱ्या कुठल्याही अंगाला दोन गोष्टींशी व्यवहार करावा लागतो. एक पाण्याचं जडत्व, म्हणजे हलवलं की हलत राहायची आणि थांबलं की थांबून राहायची सवय. दुसरा पाण्याचा चिकटपणा. यातलं कोण किती भारी, हे सांगणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स नंबर. रेंगाळत पोहणाऱ्या माझ्यासारख्या माणसासाठीही तो दहा लाखांच्या घरात जातो. बॅक्टेरियासाठी तो एकाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतो. पाणी तेच, पण त्याच्यासाठी ते काकवीहून वाईट. पर्सेल यांचा हिशेब असा, की पोहता पोहता बॅक्टेरियाने शेपटी थांबवली, तर तो ०.६ मायक्रोसेकंदात थांबतो, आणि तेवढ्यात ०.१ अँगस्ट्रॉम पुढे सरकतो. अणूच्या रुंदीचा जेमतेम दहावा हिस्सा. घसरत पुढे जाणं ही चैन त्या जगात नाही. आत्ता लावलेला जोर आत्तापुरता. मघाशी काय केलं होतं, हे पाण्याला आठवतच नाही.

आणि ज्या पाण्याला काही आठवत नाही, त्याला वेगही कळत नाही. शिंपला सावकाश उघडून झटकन मिटला तरी त्याला लाभ नाही. हिशेब होतो तो फक्त आकारांच्या क्रमाचा. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत आलात, तर गोळाबेरीज शून्य.

यात खऱ्या शिंपल्यांवर थोडा अन्याय झालाय, कारण स्कॅलप जातीचे शिंपले चांगले पोहतात. ते तळहाताएवढे असतात, त्यांच्या पाण्याला मघाचं आठवतं. ते हळू उघडतात, फाटकन मिटतात, पाण्याची पिचकारी मारतात आणि टाळ्या वाजवत गेल्यासारखे पुढे जातात. म्हणजे मोठ्या आकाराच्या प्राण्याला निसर्गाने एक सवलत दिलेली आहे: जा जोरात, ये हळू. मी ती सवलत वापरतच नव्हतो. ज्या धसमुसळेपणाने पाय मारायचो, त्याच धसमुसळेपणाने ते जवळ ओढायचो.

पाण्याचं हे विसरणं डोळ्यांना पटत नाही. जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं होतं. एकात एक बसवलेली दोन नळकांडी, मधल्या फटीत दाट ग्लिसरीन, त्यात रंगाचा एक ठिपका. आतलं नळकांडं हळूहळू फिरवलं, की ठिपका ताणला जातो, पट्टा होतो, पुसट होत होत संपल्यासारखा दिसतो. आता तेवढेच फेरे उलटे. पुसट पट्टा गोळा होऊ लागतो आणि शेवटी तो ठिपका आपल्या जागी परत हजर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फिल्मच उलटी चालवली आहे असं वाटलं होतं.

मग बॅक्टेरिया पोहतात कसे? ते परत येतच नाहीत. त्यांची शेपटी मळसूत्रासारखी पिळाची असते आणि ती मुळाशी असलेल्या मोटरवर गोल फिरते. ही शेपटी वळवळत नाही, फिरते, हे १९७३ साली हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी मांडलं. चाकाला परतीचा हात नसतो. त्याआधी, १९५१ साली, टेलर यांनीच गणिताने दाखवलं होतं की नागमोडी लाट अंगावरून एकाच दिशेने धावत राहिली, तर अंग उलट दिशेला सरकतं. शुक्रजंतूची शेपटी हेच करते. लाट पुढून मागे गेली, की पुढची लाट पुन्हा पुढूनच निघते.

चाकही नाही आणि लाटही नाही, अशांसाठी पर्सेल यांनी तिसरी तोड सुचवली: एकाऐवजी दोन बिजागऱ्या. मधे दांडी, दोन्ही टोकांना एकेक फळी. आधी पुढची फळी वर, मग मागची वर, मग पुढची खाली, मग मागची खाली. प्रत्येक फळी गेली तशीच परत आली, पण दोन्ही मिळून जे आकार घडले, त्यांची जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी. गाडी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत लावताना आपण हेच करतो. गाडी बाजूला सरकत नाही. पण स्टिअरिंग वळव, मागे ये, स्टिअरिंग उलटं वळव, पुढे जा, असं केलं की ती बाजूला सरकलेली असते. आल्फ्रेड शापेर आणि फ्रँक विल्चेक यांनी १९८०च्या दशकात याला भूमितीचं रूप दिलं. शरीराचे सगळे शक्य आकार हा एक नकाशा समजा. पोहणं म्हणजे त्या नकाशावर मारलेली फेरी, आणि एका फेरीत किती पुढे जाल हे त्या फेरीने किती जागा वेढली यावर ठरतं. शिंपल्याची फेरी म्हणजे एका रेघेवरून जाणं आणि त्याच रेघेवरून येणं. रेघेच्या पोटात जागा नसते.

हे सगळं मी सरांना सांगायला गेलो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बरोबर आहे काका. आता टाचा ढुंगणाकडे घ्या, गुडघे पोटाखाली आणू नका."

यात गंमत अशी की त्यांचं वाक्यच जास्त अचूक होतं. गुडघे पोटाखाली आले की मांड्या पाण्यासमोर भिंतीसारख्या उभ्या राहतात. टाचा मागून वर आल्या, की पाय शरीराच्याच आडोशाने परत येतात. आणि मारताना पावलं बाहेर वळवायची, म्हणजे तेच पाय आता वल्ह्यांसारखे रुंद होतात. येताना बारीक, जाताना रुंद. कळायला दोन मिनिटं लागली, पायांना वळण लागायला दोन महिने.

त्या दोन महिन्यांत बराच वेळ मी पाण्याखाली डोकं घालून बुडबुडे सोडण्यात घालवला. ‘श्वासाचा सराव’ असं त्याचं अधिकृत नाव. चष्म्यातून वर पाहत नाकाने हवा सोडली, की बारीक बुडबुडे गोल राहून सरळ वर जातात. थोडे मोठे चपटे होतात आणि डुलत, नागमोडी चढतात. सगळ्यात मोठे छत्रीसारखे पसरतात आणि धडपडत पृष्ठभाग गाठतात. हे डुलणं लिओनार्दो दा विंचीने टिपून ठेवलं होतं. पाचशे वर्षांनी, २०२३ साली, मिगेल हेराडा आणि जेन्स एगर्स यांनी त्याचा काटेकोर हिशेब दिला: पाण्यातल्या हवेच्या बुडबुड्याची त्रिज्या ०.९२६ मिलिमीटरच्या पुढे गेली, की सरळ वाट टिकत नाही. बुडबुडा किंचित कलतो, कलला की एका बाजूने पाणी वेगाने वाहतं, तिथला दाब बदलतो, त्याने आकार बदलतो, आणि बदललेल्या आकारामुळे तो आता दुसरीकडे कलतो. आकार वाट ठरवतो आणि वाट आकार.

पण बुडबुड्याने मला शिकवलेली खरी गोष्ट वेगळीच. बुडबुड्यात हवा असते, म्हणजे वजन जवळजवळ नाहीच. वर ढकलणारा जोर मात्र त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढा. मग तो बंदुकीच्या गोळीसारखा का सुटत नाही? कारण त्याला पुढे जायला जागा हवी, म्हणजे पुढचं पाणी बाजूने मागे जायला हवं. स्वतःबरोबर त्याला पाणीही हलवावं लागतं. गोल वस्तूच्या बाबतीत हे पाणी तिने व्यापलेल्या जागेतल्या पाण्याच्या बरोबर निम्मं भरतं. त्यामुळे सुटल्याच्या पहिल्या क्षणी बुडबुड्याचं त्वरण गुरुत्वत्वरणाच्या दुप्पट असतं, त्याहून जास्त नाही. बुडबुड्याचं सगळं जडत्व हे असं दुसऱ्याचं आहे. फ्रीडरिश बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये लंबकाच्या मोजमापात हे पकडलं: लंबक हवेलाही थोडं सोबत घेऊन झुलतो, आणि ते हिशेबात धरावं लागतं. पाठ्यपुस्तकात याला भारदस्त नाव आहे. मी त्याला उसनं वजन म्हणतो.

उसनं वजन हातालाही कळतं. पाण्याखाली तळहात उभा धरून, करंगळीची कड पुढे करून झटका द्या. मग आडवा धरून, तळवा पुढे करून तसाच झटका द्या. हात तोच, हाडं-मांस तेवढंच, पण दुसऱ्या वेळी तो एकदम जड झालेला असतो. म्हणजे पाण्यात आपलं वजन आपल्या आकारावर अवलंबून आहे. आणि आकार आपल्या हातात आहे!

इथून पुढे जे होतं ते मला आजही जादूसारखं वाटतं. अठराव्या शतकात द’अलाँबेरने गणित मांडलं, की पाण्याला अजिबात चिकटपणा नसेल, तर त्यातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला काहीच विरोध होणार नाही. मग वाटतं, जे पाणी अडवत नाही ते आधार तरी कसा देईल? अशा पाण्यात पोहणं अशक्यच असणार. १९६७ साली फिलिप सॅफमन यांनी दाखवलं की अशक्य नाही. त्यांची कल्पना अशी समजते: तुम्ही होडीत उभे आहात. मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत चाललात, होडी मागे सरकली. परत मागे चाललात, होडी पुढे येऊन मूळ जागी. शिंपल्याचीच गत. पण समजा होडीला आकार बदलता येतो. तुम्ही पुढे चालताना ती रुंद झाली, म्हणजे उसन्या वजनाने जड, म्हणून मागे थोडीच सरकली. तुम्ही परत येताना ती अरुंद झाली, हलकी झाली, म्हणून पुढे जास्त आली. फरक तुमच्या पदरात. ढकलायला कोणी नाही, घर्षण नाही, मागे पाण्याचा झोतही नाही, आणि तरी होडी पुढे. आकार बदलणं थांबवलं, की ती जागच्या जागी थांबते.

ऑक्टोपस घाबरून पळतो तेव्हा तो पाण्याचा झोत आणि बदलता आकार, या दोन्हींचा उपयोग करतो. आधी अंगात पाणी भरून फुगतो, मग ते नळीतून जोरात सोडतो. रॉकेटसारखं, असं आपण म्हणतो. पण रॉकेटचं कवच आक्रसत नाही, ऑक्टोपसचं अंग आक्रसतं. गॅब्रिएल वेमाउथ आणि मायकेल ट्रायंटाफिलू यांनी २०१३ मध्ये या आक्रसण्याचा हिशेब मांडला. फुगलेल्या अंगाने वेग घेताना भोवतालच्या पाण्यालाही गती दिलेली असते, ते उसनं वजन. अंग बारीक होत जातं तसं ते वजन कमी होतं, आणि त्यात गुंतलेली ऊर्जा ऑक्टोपसला परत मिळते. बर्फावर गिरकी घेणारी स्केटर पसरलेले हात छातीशी घेते आणि एकदम जोरात फिरू लागते, त्यातलाच प्रकार. पुढे त्यांनी ताणल्या जाणाऱ्या पातळ कवचाचा, पाण्याने फुगवलेला एक यांत्रिक ऑक्टोपसही सोडून पाहिला. त्याला ना पंखा, ना शेपटी. फक्त फुगणं आणि आक्रसणं.

उसनं घेतलेलं परत करायची वेळ आली, की हा प्राणी ते खिशात घालतो. मला त्याचा थोडा हेवा वाटतो.

हवेतही परतीचा हात हाच कळीचा मुद्दा आहे, फक्त पाण्यापेक्षा हवा विरळ, त्यामुळे चूक लगेच महागात पडते. पंख खाली मारताना पक्षी ते पूर्ण पसरतो. वर नेताना मनगटातून दुमडून अंगाजवळ घेतो. हमिंगबर्ड मात्र दुमडण्यावर थांबत नाही. तो परतताना पंख उलथा करतो आणि परतीच्या हातातूनही उचल काढतो. एका जागी तरंगताना सुमारे ७५ टक्के भार खालच्या फटक्यावर आणि २५ टक्के वरच्या फटक्यावर, असं २००५ साली मोजलं गेलं. झाडांना तर हलून कुठे जायचंच नसतं, तरी वादळात पानं स्वतःची पुंगळी करून घेतात. एका प्रयोगात वाहत्या साबणाच्या पडद्यात काचेचा लवचिक तंतू आडवा धरला होता. ताठ वस्तूवर वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वाकणाऱ्या तंतूवर तो अडीचपटीच्या आसपासच वाढत गेला. वाकणं त्याने ठरवलेलं नव्हतं, ते वाहत्या पडद्यानेच करून घेतलं.

करून घेण्यावरून तो मेलेला ट्राउट आठवतो. नदीतल्या दगडामागे पाणी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे सोडतं. ट्राउट मासे तिथे आळसावल्यासारखे डुलत उभे असतात. २००३ मध्ये त्यांच्या स्नायूंची मोजणी झाली, तेव्हा कळलं की त्या वेळी फक्त पुढचे थोडे स्नायू काम करत असतात. मग कोणाला तरी पुढचा प्रश्न सुचला. नुकताच मेलेला ट्राउट तशाच अडथळ्यामागे धरला. भोवऱ्यांनी त्याचं अंग डावीउजवीकडे वाकवलं, आणि मेलेला मासा प्रवाहाच्या उलट पुढे सरकला. २००६ साली हे छापून आलं. यावर मला आजही नीट काही म्हणता येत नाही. पोहणं ही माशाची करणी आहे, असं मी तोपर्यंत धरून चाललो होतो.

आणि मग जेलीफिश. सरांनी तिसऱ्या महिन्यात सांगायला सुरुवात केली, "काका, पाय मारून झाले की थांबा. हात पुढे, डोकं खाली, मनात दोन मोजा. मग पुढचा हात." मला थांबणं जमेना. थांबलं की बुडू, ही भीती आकड्यांनी जात नाही. तेव्हा मी जेलीफिशचे व्हिडिओ पाहत बसायचो. ताटलीएवढी, पारदर्शक, मून जेली म्हणतात ती. छत्री मिटते, मागे पाण्याचं एक वलय सुटतं, अंग पुढे जातं. मग छत्री आपोआप उघडते, कारण तिला उघडायला स्नायू नाहीतच, अंगातल्या जेलीचा ताणच ती उघडतो. उघडताना छत्रीखाली उलट फिरणारं दुसरं वलय तयार होतं. छत्री पुरती उघडते आणि जेलीफिश काहीच करत नाही. त्या रिकाम्या क्षणात आतलं वलय फिरत राहतं, छत्रीखालचा दाब वाढवतं आणि तिला आणखी थोडं पुढे ढकलतं. २०१३ मध्ये ब्रॅड गेमेल आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं: या विश्रांतीतल्या ढकलण्यामुळे ती दर ठोक्याला ३० टक्के जास्त अंतर जाते. तिने घाई करून पुढचा ठोका लगेच मारला, तर हे अंतर बुडालं.

मी काही जेलीफिश नाही, माझ्यामागे कुठलं वलय काम करत नाही. माझ्या थांबण्याचा फायदा साधा आहे: त्या दोन आकड्यांपुरतं माझं अंग सगळ्यात बारीक असतं, आणि मी मारलेले पाय पाण्याला अजून आठवत असतात. पण डोळ्यांसमोर ती छत्री ठेवली, तर भीती जरा मागे राहायची.

पंचवीस मीटरला मला चौतीस हात लागायचे. परवा मोजले, बावीस. सर म्हणाले, "अजून सहा कमी होतील." पाय जोडले, हात पुढे ताणले, डोकं खाली घातलं. एक. तडकलेली फरशी डोळ्यांखाली आली. नाकातून सुटलेला एक बुडबुडा चष्म्याच्या काचेवरून घसरत, डुलत वर गेला. दोन. फरशी पायांच्या मागे गेली होती.